नागपुरात 3 वर्षांच्या मुलासाठी पर्यावरणपूरक खेळणं कोणतं घ्यावं, आणि निसर्ग जपायची सवय कशी लावावी?

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घ्या. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघरी जातात, तो तान्हा पोळा.) पोळ्याआधी महाल-इतवारीत रस्त्यावर बैल मांडलेले असतात, तरी लोक 'इको-फ्रेंडली' छापलेलं खोकं ऑनलाइन मागवतात, याचा मला मनापासून राग येतो.

पण लाकडाचा आहे म्हणजे झालं, असं मुळीच नाही. चकचकीत ऑइलपेंट मारलेला बैल घेऊ नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको, हा नियम 2017 पासून लागू आहे; पण बैलावर कोणत्या डब्यातला रंग बसलाय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि या वयातलं पोर शिंग चोखणारच. सुताराकडून कोरा बैल मागा. कापलेल्या टोकाला लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत. पुठ्ठ्यासारखा सपाट, तपकिरी भुसा दिसला तर तो एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून दाबलेली फळी, परत ठेवा.

घरी आणल्यावर पॉलिश पेपर 80, मग 120, मग 220 नंबर, नेहमी रेषांच्या दिशेने. शिंगांची टोकं बोटाच्या पेरासारखी गोल करा. नंतर ओल्या फडक्याने पुसा. तंतू उभे राहतील. वाळलं की पुन्हा 220. ही पायरी सगळे गाळतात, आणि पोराची लाळ लागली की लाकूड खरखरीत होऊन कुसळं टोचतात.

वरून लाकडी घाण्याचं, खायचं जवस तेल. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' तेल नको, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात. पातळ हात द्या, 20 मिनिटांनी उरलेलं तेल पुसून घ्या, दोन-तीन दिवस थांबा. असे 3 हात. तेल जाड राहिलं तर चिकट साय धरते आणि धूळ बसते. पावसाळी हवेत ते सावकाश वाळतं, म्हणून पोळ्याच्या 3 आठवडे आधी सुरुवात करा. रंग हवाच असेल तर पहिल्या हातात चिमूटभर गेरू कालवा. हळद नको, उन्हात उडते आणि साबण लागला की लाल पडते.

चाकं बहुधा खिळ्यावर असतात. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, खिळा सैल होऊन बाहेर येतो. त्याऐवजी 8 मिमीची बांबूची काडी घाला, पाटाचं (बैल ज्या फळीवर उभा असतो तिचं) भोक 9.5 मिमी ठेवा, चाकं काडीवर फेविकॉलने घट्ट बसवा. पाटाचं भोक नेमक्या मापाचं केलं तर पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि चाक अडकतं.

सवयीचं म्हणाल तर दरवर्षी नवा बैल आणू नका, एवढंच. तोच बैल 220 ने घासायचा आणि पोराच्या दोन बोटांनी तेल चोळून घ्यायचं. तुटलेलं चाक त्याच्यासमोर बसवा. "बोजारा (बैल घेऊन आलेल्या पोरांना मिळणारा खाऊ-पैसे) मागायला जुना बैल कसा न्यायचा?" हे घरोघरी ऐकू येतं. न्यायचा, झूल जुन्या लुगड्याची शिवायची. प्लॅस्टिकची बेगड आणि थर्माकोल नको. आणि पोराला ओढता येत नाही एवढा मोठा बैल ही मोठ्यांची हौस आहे. 20-25 सेंमी पुरे.

राहिलेलं सांगतो. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा. घुंगरू आणि 3 सेंमीपेक्षा लहान सुटे भाग लहान पोराच्या हाती नकोत. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट आहे. ते चिन्ह सुरक्षिततेचं आहे, पर्यावरणाचं नाही; दुकानदार दोन्ही एकच म्हणून सांगतात, ऐकू नका.