वाचकांचे प्रश्न : सुरू झालेला चित्रपट मोडतो कसा?

प्रश्न : दिग्दर्शक टेरी गिलियम यांचा, सर्व्हांतेस यांच्या स्पॅनिश कादंबरीतल्या डॉन किहोते या स्वतःला शूर सरदार समजणाऱ्या म्हाताऱ्यावरचा चित्रपट २००० साली स्पेनमध्ये चित्रीकरण चालू असताना पुरामुळे बंद पडला, असे वाचनात आले. एका पावसाने एवढी मोठी निर्मिती मोडू शकते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पाऊस आला आणि त्याने नुकसान केले, हे खरेच आहे. मात्र केवळ पावसाने ही निर्मिती मोडली असे म्हणणे माझ्या मते अपुरे आहे, कारण तिच्यात एखादा दिवसही वाया घालवण्याची सोय नव्हती.

‘द मॅन हू किल्ड डॉन किहोते’ या चित्रपटाची प्रत्यक्ष तयारी १९९८ च्या सुमारास सुरू झाली. गिलियम यांच्या १९८८ सालच्या ‘बॅरन मुंचहाउझन’वरील चित्रपटाचा खर्च अंदाजपत्रकाच्या फार पुढे गेला होता आणि त्या वेळेपासून त्यांच्या भव्य कल्पनांकडे निर्माते धास्तीनेच पाहत असत. डॉन किहोतेसाठी पैसा उभा राहिला तो युरोपातून, सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर. युरोपीय चित्रपटाच्या मानाने ही रक्कम मोठीच होती. परंतु सतराव्या शतकातला स्पेन, घोडे, पोशाख, राक्षस आणि त्यात जाऊन पडलेला आजच्या काळातला जाहिरात व्यावसायिक, एवढा सगळा पसारा पडद्यावर आणायचा म्हणजे ती तोकडीच पडणार होती. पैसे कमी असले की दिवस कमी केले जातात, आणि दिवस कमी केले की प्रत्येक गोष्ट पहिल्याच फटक्यात बरोबर यावी लागते.

त्यात कलाकारांच्या तारखांचा प्रश्न होता. जॉनी डेप, व्हनेसा पॅरादी आणि किहोतेच्या भूमिकेसाठी निवडलेले ज्येष्ठ फ्रेंच अभिनेते जाँ रोशफोर ही मंडळी चित्रीकरणाच्या अगदी तोंडावर एकत्र येणार होती, त्यामुळे तालमी आणि पोशाखाची मापे या साध्या गोष्टीही लांबत गेल्या. माद्रिदजवळ अंतर्भागाच्या दृश्यांसाठी घेतलेल्या जागेत आवाज घुमत होता. रोशफोर सत्तरीचे होते, या भूमिकेसाठी त्यांनी कित्येक महिने इंग्रजीचा अभ्यास केला होता आणि घोडेस्वारी तर त्यांना उत्तम येत होती; पण स्पेनला निघण्याआधीच प्रकृतीच्या तक्रारीमुळे त्यांचे येणे पुढे ढकलले गेले. हे सगळे घडले तेव्हा कॅमेरा सुरूही झालेला नव्हता.

सप्टेंबर २००० मध्ये उत्तर स्पेनमधील नवार्रा प्रांतातल्या बार्देनास रेआलेस या ओसाड, मातकट मुलखात चित्रीकरण सुरू झाले. ही जागा दिसायला अप्रतिम आहे, पण तिथेच हवाई दलाचा सरावाचा टापू आहे. पहिल्याच दिवशी डोक्यावरून लढाऊ विमाने जाऊ लागली आणि ध्वनिमुद्रण निरुपयोगी ठरले. साखळदंडाने जखडलेल्या कैद्यांच्या दृश्यातल्या माणसांची तालीम झालेली नव्हती, त्यामुळे तेही पुन्हा पुन्हा अडत राहिले. दुसऱ्या दिवशी गारांसह वादळी पाऊस कोसळला, उतारावरून चिखलाचे लोट आले आणि साहित्य वाहून जाऊ लागले. पाणी ओसरल्यावर एक वेगळाच पेच समोर आला. आदल्या दिवशी टिपलेली जमीन फिकट पिवळसर होती, ती आता भिजून गडद झाली होती आणि भेगांच्या जागी ओघळ पडले होते. पहिल्या दिवसाच्या शॉटला दुसऱ्या दिवसाचा शॉट जोडताच येत नव्हता. साहित्याची भरपाई मिळू शकते. बदललेला रंग परत यायला मात्र ऊन पडून जमीन सुकण्याची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहायला तिथे दिवसच शिल्लक नव्हते.

त्यानंतर काही दिवसांतच रोशफोर यांना घोड्यावर बसणे असह्य झाले. खाली उतरताना आणि मोटारीपर्यंत चालत जाताना त्यांना माणसांचा आधार घ्यावा लागला. ते उपचारांसाठी पॅरिसला गेले, तिथे पाठीच्या मणक्यांतील चकती सरकल्याचे निदान झाले आणि त्यांच्या परतण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. किहोतेच घोड्यावर बसू शकत नसेल तर चित्रीकरण कशाचे करायचे? अशा वेळी निर्माते बहुधा पहिल्या सहायक दिग्दर्शकाला, म्हणजे चित्रीकरणाचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसाला, बदलण्याचा विचार करतात; इथेही तसा विचार झाला आणि गिलियम यांनी त्याला विरोध केला. मला त्यांची ही भूमिका न्याय्य वाटते, कारण मुळात दिवसच अपुरे असतील तर ते वेळापत्रक दुसऱ्या कोणालाही पाळता आले नसते. नोव्हेंबर २००० मध्ये चित्रपट अधिकृतपणे सोडून देण्यात आला.

प्रश्न : एवढ्या मोठ्या चित्रपटाचा विमा असतोच. मग काम थांबवण्यापेक्षा विम्याच्या पैशांतून ते पूर्ण का केले नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : विमा होता, आणि काम थांबवण्याच्या निर्णयात त्याचा मोठा वाटा होता. अशा निर्मितीत साधारणपणे दोन वेगळी संरक्षणे घेतली जातात. पहिला कलाकारांचा विमा : चित्रीकरणाआधी प्रमुख कलाकारांची वैद्यकीय तपासणी होते आणि पुढे त्यांच्या आजारपणामुळे काम खोळंबले तर वाढीव खर्च विमा कंपनी देते. दुसरी असते चित्रपट पूर्ण होण्याची हमी. ती देणारी संस्था गुंतवणूकदारांना सांगते की ठरलेल्या रकमेत चित्रपट हातात येईल, आणि तसे होत नसेल तर निर्मितीत हस्तक्षेप करण्याचा अधिकार तिच्याकडे असतो. नैसर्गिक आपत्तीचे कलम हा आणखी वादाचा विषय, कारण कोणते नुकसान पावसाचे, कोणते आजारपणाचे आणि कोणते ढिसाळ नियोजनाचे, यावरून कोणी किती पैसे द्यायचे ते ठरते.

आता हिशोब पाहा. कलाकार दोन आठवड्यांत परत येणार असेल तर तेवढा खोळंबा भरून देणे विमा कंपनीला परवडते. तो कधी येईल हे डॉक्टरांनाही सांगता येत नसेल, तर संपूर्ण युनिटचा पगार, निवास आणि भाडी रोज वाढत राहतात आणि एका टप्प्यानंतर चित्रपट पूर्ण करण्यापेक्षा सोडून देऊन दावा चुकता करणे कंपनीला स्वस्त पडते. मुख्य नटच बदलावा, असे कोणाला वाटेल; परंतु गिलियम यांनी रोशफोर यांच्या चेहऱ्यात आणि उंच, कृश अंगकाठीत किहोते पाहिला होता, आणि त्या तोडीचा दुसरा नट घाईघाईने शोधणे हे साधे काम नव्हते. अखेर सुमारे दीड कोटी डॉलरचा दावा झाला. दावा चुकता केल्यावर पटकथेचे हक्क विमा कंपनीकडे गेले, आणि स्वतः लिहिलेल्या कथेवर पुन्हा काम करण्यासाठी गिलियम यांना ते हक्क परत मिळेपर्यंत कित्येक वर्षे थांबावे लागले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त जाचक वाटते ती हीच गोष्ट.

प्रश्न : अमेरिकी दिग्दर्शक आणि अभिनेते ऑर्सन वेल्स यांचाही डॉन किहोतेवरचा चित्रपट अपुरा राहिला. या विषयाला शाप आहे असे म्हणतात, त्यात तथ्य आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. वेल्स यांनी १९५० च्या दशकात काम सुरू केले, ते बरेचसे स्वतःच्या अभिनयाच्या कमाईतून. पैसे येतील तसे चित्रीकरण करत ते वर्षानुवर्षे रेंगाळले. किहोतेची भूमिका करणारे फ्रान्सिस्को रेइग्वेरा १९६९ मध्ये वारले आणि १९८५ मध्ये वेल्सही गेले. त्यांची अडचण गिलियम यांच्या नेमकी उलट होती : मुदत कोणतीच नव्हती आणि त्यांना धरून ठेवणारा गुंतवणूकदारही नव्हता. याच विषयावर सोव्हिएत दिग्दर्शक ग्रिगोरी कोझिन्त्सेव यांनी १९५७ मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट करून दाखवला, ही गोष्ट शापाची चर्चा करणारे बहुधा विसरतात.

गिलियम यांचा चित्रपटही झाला. मधल्या काळात रॉबर्ट डुव्हॉल आणि जॉन हर्ट यांना घेऊन केलेले बेत फसले. हर्ट यांना कर्करोग झाला. शेवटी जोनाथन प्राइस आणि ॲडम ड्रायव्हर यांच्यासह २०१७ मध्ये चित्रीकरण पार पडले. निर्माते पाउलो ब्रांको यांच्याशी हक्कांवरून झालेला वाद पॅरिसच्या न्यायालयात गेला, न्यायालयाने प्रदर्शन रोखण्यास नकार दिला आणि मे २०१८ मध्ये कान महोत्सवाची सांगता याच चित्रपटाने झाली. रोशफोर आणि हर्ट दोघेही २०१७ मध्येच वारले होते. चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे.

ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी ‘लॉस्ट इन ला मांचा’ हा २००२ चा माहितीपट अवश्य पाहावा. कीथ फुल्टन आणि लुई पेपे चित्रपटाच्या निर्मितीची नोंद करण्यासाठी तिथे गेले होते, आणि काम मोडत असतानाही गिलियम यांनी त्यांचा कॅमेरा बंद करायला लावला नाही. पाहताना पुराच्या दृश्यांपेक्षा त्याआधीच्या बैठकींकडे अधिक लक्ष द्या : कोणाच्या तारखा मिळालेल्या नाहीत, कोणाचा करार अजून व्हायचा आहे, हे बोलणे तिथे सतत चालू असते.