वायफाय रेडिओचा पासवर्ड भक्कम आहे, तरी धोका कुठे उरतो?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पंपहाउसपासून कंट्रोल रूमपर्यंत केबल टाकता आली नाही, म्हणून दोन्ही टोकांना औद्योगिक वायफाय रेडिओ बसवले आहेत. पंपहाउसच्या पॅनेलमध्ये पीएलसी (पंप चालवणारा औद्योगिक नियंत्रक), कंट्रोल रूममध्ये स्काडा (देखरेख आणि आज्ञा देण्याची संगणक यंत्रणा), दोघांचं बोलणं मॉडबस टीसीपी या संवादपद्धतीवर. वायफायच्या सुरक्षेला डब्ल्यूपीए२ मानक आहे, पासवर्ड वीस अक्षरी. आता रेडिओच्या उत्पादकाकडून फर्मवेअरमध्ये (रेडिओच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) गंभीर त्रुटी असल्याची सूचना आली आहे आणि प्लांटच्या शटडाऊनला अजून चार महिने आहेत. पासवर्ड चांगला आहे, मग तोवर थांबलं तर चालेल का, हा तुमचा प्रश्न.

माझं मत असं: फर्मवेअर कदाचित थांबू शकेल, पण रेडिओच्या पाठीमागे जे उघडं पडलंय, म्हणजे पीएलसीपर्यंतची वाट, ते याच आठवड्यात बंद करा. आणि पासवर्डवर एवढा भार टाकू नका. अशा सूचनांमधल्या बऱ्याच त्रुटींच्या वाटेत पासवर्ड येतच नाही.

उदाहरण म्हणून डब्ल्यूपीए२ वरचा 'क्रॅक' हा हल्ला घ्या. बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठातले मॅथी वॅनहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तो जाहीर केला. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणी होताना चार संदेशांची देवाणघेवाण होते. तिसरा संदेश आला की क्लायंट (नेटवर्कला जोडून घेणारं उपकरण) डेटा कूटबद्ध करायची किल्ली बसवतो. तोच संदेश पुन्हा आला तर क्लायंट तीच किल्ली नव्याने बसवायचा आणि पॅकेटची मोजणी परत पहिल्यापासून सुरू करायचा. हल्लेखोराने मध्ये बसून चौथा संदेश अडवला की अ‍ॅक्सेस पॉइंट (नेटवर्क पुरवणारं टोक) आपणहून तिसरा पुन्हा पाठवतो. मग एकाच किल्लीने, एकाच आकड्याने दोन वेगळी पॅकेटं कूटबद्ध होतात आणि ती उकलायची वाट मिळते. पासवर्ड वीस अक्षरी असो वा साठ, या सगळ्यात तो कुणी विचारलेलाच नसतो.

प्लांटच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही चूक मुख्यतः क्लायंटच्या बाजूची होती. ऑफिसमध्ये क्लायंट म्हणजे लॅपटॉप आणि मोबाइल, ते आपोआप अपडेट होतात. आपल्याकडे क्लायंट म्हणजे क्रेनवरचा, ट्रॉलीवरचा किंवा पंपहाउसच्या छतावरचा रेडिओ. त्या वेळी मी पाहिलेल्या कामांत अ‍ॅक्सेस पॉइंट अपडेट करून फाइल बंद झाली होती आणि शिडी लावून जिथे चढावं लागतं तो डबा तसाच राहिला होता. तुमच्या जोडणीत कोणतं टोक क्लायंट म्हणून चालतंय, ते आधी बघून घ्या.

त्यानंतरही साखळी थांबली नाही. २०२० मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने 'क्रूक' ही त्रुटी उघड केली. ब्रॉडकॉम आणि सायप्रेसच्या काही वायफाय चिपमध्ये जोडणी तुटल्यावर किल्लीच्या जागी नुसती शून्यं भरली जायची आणि बफरमध्ये उरलेला डेटा त्या शून्यांच्या किल्लीने हवेत जायचा. म्हणजे डब्याचं नाव वेगळं असलं तरी आतली चिप तीच असेल तर त्रुटीही तीच. २०२१ मध्ये वॅनहूफ यांनीच 'फ्रॅगअटॅक्स' हे हल्ले मांडले. त्यातल्या रचनेच्या चुका १९९७ च्या मूळ मानकापासून चालत आलेल्या होत्या आणि डब्ल्यूपीए२ नंतरचा डब्ल्यूपीए३ सुद्धा त्यातून सुटला नव्हता.

पण माझ्या मते तुम्ही जास्त घाबरायला हवं ते दुसऱ्या जातीच्या त्रुटीला, म्हणजे रेडिओच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये नोझोमी नेटवर्क्स या सुरक्षा कंपनीने अ‍ॅडव्हान्टेक या उत्पादकाच्या ईकेआय-६३३३ मालिकेतल्या औद्योगिक अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये वीस त्रुटी दाखवल्या. उत्पादकाने त्यावर सुधारित फर्मवेअर दिलं आहे. पण त्यातला एक हल्ला समजून घेण्यासारखा आहे. उपकरणाच्या वेब पेजवर आजूबाजूची वायफाय नेटवर्क दाखवणारा एक तक्ता होता. ती नावं हवेतून येणाऱ्या बीकन फ्रेममधून (नेटवर्क आपलं नाव जाहीर करतं त्या संदेशातून) जशीच्या तशी उचलून पेजवर छापली जायची. हल्लेखोराने जवळपास स्वतःचा अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा आणि त्याच्या नावातच स्क्रिप्टचा तुकडा घालायचा. अ‍ॅडमिनने तो तक्ता उघडला की ती स्क्रिप्ट त्याच्याच ब्राउझरमध्ये, त्याच्याच लॉगिनच्या अधिकाराने चालते. तिला दुसऱ्या त्रुटीची जोड दिली की उपकरणावर हवी ती आज्ञा चालवता येते. नेटवर्कशी जोडलं जाण्याचीही गरज नाही, शेजारी उभं राहून एक नाव हवेत सोडलं की पुरे.

म्हणून सूचना वाचताना गंभीरतेचा आकडा नऊ आहे की सात, एवढंच बघू नका. ही त्रुटी वापरायला हल्लेखोराला कुठे उभं राहावं लागतं, ते बघा. नेटवर्कच्या आत, की नुसतं रेडिओच्या टप्प्यात? लॉगिन लागतं की नाही? टप्प्यात उभं राहून, लॉगिनशिवाय, असं असेल तर चार महिने थांबू नका. दोन तासांची परवानगी मागून अपडेट उरका. अपडेट करताना आधी सेटिंगचा बॅकअप घ्या, दूरच्या टोकाला माणूस उभा करा आणि तिकडचा रेडिओ आधी करा.

टप्पा किती, याबद्दलही एक गैरसमज दिसतो. मोबाइलवर नेटवर्क दिसेनासं झालं म्हणजे सिग्नल तिथे संपला, असं नाही. मोबाइलचा अँटेना बोटभर असतो. दिशादर्शी अँटेना लावणाऱ्याला तोच सिग्नल कितीतरी लांबून मिळतो. पंपहाउससारखी जागा बहुधा कुंपणाला लागूनच असते, तेव्हा हवेत सोडलेली प्रत्येक फ्रेम बाहेर पोचली असं धरूनच पुढचा विचार करा.

आता पाठीमागच्या भागाबद्दल. मॉडबस १९७९ चा आहे आणि साध्या मॉडबस टीसीपीमध्ये ओळख तपासण्याची सोयच नाही. ५०२ पोर्टवर जो बोलेल त्याचं पीएलसी ऐकतो. त्यामुळे रेडिओ आणि पीएलसी यांच्यामध्ये एक छोटा औद्योगिक फायरवॉल बसवा. स्काडाचा एक पत्ता, पीएलसीचा एक पत्ता, एक पोर्ट, बाकी सगळं बंद. मॉडबसचे फंक्शन कोड (वाचा, लिहा अशा आज्ञांचे क्रमांक) ओळखणारा फायरवॉल मिळाला तर लिहिण्याची परवानगी फक्त गरजेच्या रजिस्टरपुरती (पीएलसीतल्या मूल्यांच्या जागांपुरती) ठेवा. आयईसी ६२४४३ या औद्योगिक सुरक्षेच्या मानकात झोन आणि कंड्युट म्हणतात ते प्रत्यक्षात हेच. रेडिओ दुरून हाताळायच्या वाटा, म्हणजे वेब पेज, टेलनेट, एसएनएमपी, वायरलेसच्या बाजूने उघड्या राहू देऊ नका, आणि एसएनएमपीचं पासवर्डसारखं चालणारं नाव अजून 'पब्लिक' असेल तर ते आजच बदला.

पासवर्डबद्दल एवढंच, की तो किती लांब आहे यापेक्षा तो किती जणांकडे आहे हे विचारा. सामायिक पासवर्डच्या डब्ल्यूपीए२ मध्ये ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने जोडणीच्या वेळचे ते चार संदेश पकडलेत, तो इतरांचा डेटाही उकलू शकतो. कमिशनिंगला (यंत्रणा पहिल्यांदा सुरू करून देण्याच्या कामाला) आलेल्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये तो पासवर्ड अजून साठवलेला असणार. सामायिक पासवर्डऐवजी डिजिटल प्रमाणपत्रांवर आधारित ईएपी-टीएलएस ही पद्धत उत्तम, पण प्रमाणपत्राची मुदत संपायची तारीख मेंटेनन्सच्या वेळापत्रकात लिहिली नाही तर एखाद्या मध्यरात्री लिंक बंद पडेल आणि कारण शोधण्यात पाळी जाईल.

माणसांचा धोका कल्पनेतला नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मरूची इथे २००० साली व्हिटेक बोडेन नावाच्या माणसाने सांडपाणी यंत्रणेची पंपिंग स्टेशनं रेडिओवरून बिघडवली. यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराकडेच तो आधी कामाला होता. गाडीत रेडिओ, संगणक आणि यंत्रणेचंच सॉफ्टवेअर. सुमारे आठ लाख लिटर मैला नद्यांमध्ये, बागांमध्ये गेला. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. सुरुवातीचे कितीतरी दिवस तिथले इंजिनिअर हा बिघाड समजून शोधत होते. तुमची जोडणी त्या जोडणीपेक्षा फार वेगळी नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. एका प्लांटमध्ये वायरलेसची तपासणी करताना यादीत नसलेलं एक नेटवर्क दिसलं. सिग्नल जिथे सर्वांत जोरात होता ते पॅकिंग मशीनचं पॅनेल उघडलं, तर केबल डक्टच्या मागे दुहेरी चिकटपट्टीने लावलेला घरगुती राउटर, निळा दिवा लुकलुकतोय. कमिशनिंगच्या वेळी उन्हात बसून प्रोग्राम करायला नको म्हणून कुणीतरी लावलेला, आणि विसरलेला. पासवर्ड मशीनचा सीरिअल नंबर, तो बाहेर नेमप्लेटवर कोरलेला. जोडला गेल्यावर पहिल्याच प्रयत्नात पीएलसीने उत्तर दिलं. त्या प्लांटचा अधिकृत वायरलेस अगदी नीट बांधलेला होता. तुमच्याकडे पंपहाउसचं पॅनेल उघडाल तेव्हा डक्टची झाकणंही काढून बघा.

आणि शेवटी ज्याबद्दल सूचनेत एक ओळही नसते ते. वायफायमध्ये जोडणी तोडण्याचा संदेश मुळात सहीशिवायचा असतो, तो कुणीही दुसऱ्याच्या नावाने पाठवू शकतो. २००९ च्या ८०२.११डब्ल्यू मानकाने यावर संरक्षण दिलं, डब्ल्यूपीए३ मध्ये ते सक्तीचं आहे, डब्ल्यूपीए२ मध्ये मात्र बऱ्याचदा बंदच असतं. दोन्ही रेडिओ ते देत असतील तर सुरू करा. पण कुणी त्या फ्रिक्वेन्सीवर नुसता गोंगाट सोडला तर कोणतंच मानक वाचवत नाही. म्हणजे लिंक तुटणार हे गृहीतच धरायचं, आणि तुटल्यावर काय होतं ते बघायचं.

एका चाचणीत मी दूरच्या रेडिओचा पुरवठा काढला आणि कंट्रोल रूममध्ये येऊन बसलो. स्क्रीनवर टाकीची पातळी ६२ टक्के. पाच मिनिटांनी ६२. अकरा मिनिटांनीही ६२, हिरव्या रंगात, शेजारी ऑपरेटर निवांत. तेवढ्यात टाकीवर उभ्या असलेल्या फिटरचा फोन आला की पाणी ओव्हरफ्लो पाइपाला लागलंय. लिंक तुटल्याचा बिट प्रोग्राममध्ये होता, पण तो कुठल्याच अलार्मला जोडलेला नव्हता, आणि पलीकडचा पीएलसी शेवटची आज्ञा धरून पंप चालवतच होता. किल्ली फोडून आत येणाऱ्या हल्लेखोरापेक्षा मला या गोठलेल्या ६२ ची भीती जास्त वाटते, कारण तो आकडा गोठवायला कसलंही कौशल्य लागत नाही.

उपाय महाग नाही. दोन्ही बाजूंनी दर सेकंदाला बदलणारा एक आकडा एकमेकांना पाठवा. तो ठरावीक वेळ बदलला नाही तर स्काडावर सगळी मूल्यं करडी होऊन अलार्म वाजू दे आणि पंपहाउसचा पीएलसी स्वतःच्या लेव्हल स्विचवर जाऊ दे. वरच्या पातळीला पंप बंद करणारा ट्रिप मात्र रेडिओवर अवलंबून नकोच, तो तारेनेच पंपाच्या स्टार्टरपर्यंत जायला हवा.

तेव्हा पहिलं काम फर्मवेअरचं नाही. दिवसपाळीत, परवानगी घेऊन, पंपावर माणूस उभा करून पंपहाउसच्या रेडिओचा पुरवठा दोन मिनिटं काढा. स्क्रीनवरचा आकडा काय करतो आणि पंप काय करतो, ते इथे लिहा. सोबत रेडिओचं मॉडेल, सध्याचा फर्मवेअर क्रमांक आणि सूचनेतले त्रुटींचे क्रमांकही टाका, मग अपडेट चार महिने थांबू शकतं का ते नेमकं सांगता येईल.