कागलच्या गड्याची अडचण

पत्र : कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. बिहारची दोन पोरं उचल घेऊन पळाली. त्याच वर्षी कागलचा एक गडीही उचल बुडवून गेला, पण त्याच्या घरी अडचण होती. तेव्हापासून ठरवलं, बिहारी ठेवायचा नाही. परवा एक आला. ट्रायलला शाफ्ट दिला, मायक्रोमीटर लावून बघितलं, माप बरोबर. तरी परत पाठवला. मुलगा म्हणतो, हा पूर्वग्रह. मी म्हणतो, अनुभव. दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताक फुंकणारच ना?

उत्तर : दादा, कागलच्या गड्यावर तुम्ही एक ओळ खरडलीत आणि पुढं गेलात. माझं घोडं तिथंच अडलं. उचल त्यानंही बुडवली. पण त्याच्या घरची अडचण तुम्हाला कळली, कारण कागल जवळ आहे, कुणीतरी येऊन सांगितलं असणार. त्या दोघांच्या घरी काय झालं होतं, कधी विचारलंत? छठला गावी गेलेल्या पोराचं आईच्या दुखण्यात परतीचं तिकीटही हुकतं. असतीलही लबाड, मी त्यांचं वकीलपत्र घेतलेलं नाही.

थॉमस पेटिग्रू या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७९ साली हीच खोड मांडली होती. आपला चुकला की परिस्थिती वाईट, परका चुकला की ती माणसंच तसली. आणि परक्यानं चांगलं काही केलं, तर ते नशीब नाहीतर अपवाद.

अनुभवावरून ठोकताळे सगळेच बांधतात, त्याशिवाय धंदा होत नाही. पण तुमचा हिशेबच चुकलाय. पैसे तिघांनी बुडवले आणि तिघांच्यात सारखी गोष्ट एकच : तुम्ही काम व्हायच्या आधी हातावर ठेवलेली उचल. तो धडा राहिला बाजूला. कागलच्या दुधानंही तोंड पोळलंच होतं की, मग तिथलं ताक का नाही फुंकलंत? आणि परवाचा अनुभव तर तुमच्याच मायक्रोमीटरवर दिसत होता. तो वाचूनही पोराला वाटेला लावलंत, याचा मला खरंच राग आला.

त्याला उद्याच बोलावून घ्या. पगार आठवड्याच्या आठवड्याला, पहिले तीन महिने उचल नाही. कागलचा परत आला तर त्यालाही हाच नियम. मुलाशी वाद घालू नका, त्या नव्या पोराला लेथवर उभं करायचं काम त्यालाच सांगा.