साडेतीन वर्षांच्या मुलासाठी गेम-व्हिडिओची साईट खरंच शिकवणारी आहे की नुसता टाइमपास, हे कसं ओळखायचं?

तुमचा मुलगा साडेतीन वर्षांचा, नर्सरीत, आणि एका 'एज्युकेशनल' साईटवाल्यांनी वर्षाचे पैसे एकदम मागितलेत, भरावे का असं विचारलंय तुम्ही. भरायच्या आधी एक करा. पोरगा झोपला की ती साईट स्वतः उघडा आणि पंधरा मिनिटं गेम खेळा, पण मुद्दाम चुकीची उत्तरं देत. स्टार रेटिंग, 'ब्रेन डेव्हलपमेंट', हसऱ्या आयांचे फोटो, ते सगळं सोडून द्या, त्यातून काहीही कळत नाही.

मला ही अक्कल लेकीमुळे आली. ती चार वर्षांची असताना एका साईटवर आंबे मोजायचा गेम होता. बरोबर आकडा दाबला की टिंग वाजून एक चांदणी यायची, आणि चुकलं की आंबा धप्पकन मांजराच्या डोक्यावर पडायचा आणि ते मांजर असलं काही तोंड करायचं की ही लोळून लोळून हसायची. मी आपली ओट्यापाशी पोळ्या लाटतेय, हसणं ऐकून खूश, म्हटलं पोरीला गणित आवडायला लागलं! आठवड्याने शेजारी जाऊन बसले तर बाईसाहेब मोजतच नव्हत्या, पाच आंबे दिसले की सरळ दोन दाबायच्या. आता तिचं तरी काय चुकलं, चांदणीपेक्षा मांजर भारीच होतं. नंतर सहा बटाटे आण म्हटलं तर टोपलीच घेऊन आली.

दुसरा एक प्रकार असतो, चुकलं तर काहीच होत नाही. चार पर्याय, मुलं चारही पटापट दाबतात, एक लागतोच, मग फुगे उडतात आणि आई म्हणते किती हुशार. बरी साईट कशी असते, तर चुकलं की थांबते, 'हे तीन झाले, चल परत मोजू' म्हणत एकेका आंब्यावर बोट नेते, पुढच्या वेळी जरा सोपं देते. हे पंधरा मिनिटांत दिसतंच दिसतं.

खेळता खेळता जाहिराती कुठे येतात तेही बघा. आपल्या पोरांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मोठं हिरवं बटण म्हणजे खेळ सुरू, मग ते बटण गेमचं असो की कुठल्या लोनच्या जाहिरातीचं. आणि एखादी जुनी साईट 'फ्लॅश प्लेयर इन्स्टॉल करा' म्हणाली तर लगेच बंद करा, फ्लॅश म्हणजे पूर्वी गेम चालवायला लागायचं ते सॉफ्टवेअर, ते ३१ डिसेंबर २०२० लाच बंद झालंय, आता त्या नावाने जे डाउनलोड होईल ते काहीही असू शकतं.

व्हिडिओचं म्हणाल तर यूट्यूबवर 'मुलांसाठी' असा शिक्का दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो शिक्का बहुतेक वेळा चॅनलवाला स्वतःच मारतो. २०२० पासून अशा व्हिडिओंवर कमेंट बंद आणि मुलाच्या माहितीवरून लावलेल्या जाहिराती बंद, मुख्यतः एवढंच त्यातून मिळतं, आत काय शिकवलंय याची गॅरंटी नाही. ऑटोप्ले (एक संपला की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं) मात्र आधी बंद करा, नाहीतर बडबडगीतावरून सुरू झालेलं पोर अर्ध्या तासात कुठे पोचेल सांगता येत नाही.

मराठी मुळाक्षरांच्या व्हिडिओंना तर माझी एक वेगळीच परीक्षा आहे, सरळ शेवटाला जायचं आणि ळ, ज्ञ ऐकायचे. बरेच व्हिडिओ हिंदीवरून उचललेले असतात, त्यात ळ गायबच असतो नाहीतर त्याचा ल होतो, ज्ञ चा 'ग्य' होतो, ऋ ची 'रि'. चमच्यातला च आणि चहातला च वेगळा हे तर फार कमी जणांच्या गावी असतं. मोठ्यांना ही किरकिर वाटेल, पण माझी लेक दोन महिने 'बाल' म्हणत होती, बाळ नाही.

वेळेचं विचारलं नाहीत तरी सांगते, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघणं दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. यात टीव्ही आणि आजीचा मोबाईलही धरायचा, आमच्याकडे तोच हिशोब नेहमी चुकतो.

आता पैसे. वर्षाचे एकदम अजिबात भरू नका, महिन्याचा प्लॅन नसेल तर तिथेच काय ते समजा. खान अकॅडमी किड्स हे लहान मुलांचं शिकायचं ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, फक्त त्यातलं इंग्रजी अमेरिकन पद्धतीचं आहे, त्यामुळे शेजारी बसून मराठीत बोलावं लागतं. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींच्या पुस्तकांची साईट पण फुकट, मराठी गोष्टी भरपूर आहेत, त्यात उड्या मारणारं काही नाही म्हणून पहिले दोन दिवस मुलं नाक मुरडतात, पण मांडीवर घेऊन आवाज काढत वाचलं की बसतात ऐकत. महिनाभर हे दोन वापरून बघा, आणि तरीही ती पैशाची साईट घ्यावीशी वाटली तर आधी ट्रायल घ्या, पण कार्ड नंबर न देता मिळत असेल तरच. एकदा कार्ड दिलं होतं मी, ते ऑटो-रिन्यूअल बंद करायला तीन ईमेल लागले.