शिबिरानंतरची बातमी

प्रिय नव्या सचिवास,

अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या बातमीपत्राचा तू पाठवलेला मसुदा सावकाश वाचला. भाषा स्वच्छ आहे, छायाचित्रे विचाराने निवडली आहेत आणि मान्यवरांच्या नावांत एकही चूक नाही. हे शेवटचे काम वाटते तितके सोपे नसते. तरीही सगळी पाने वाचून झाल्यावर एका गोष्टीचा पत्ता मला लागला नाही. मागच्या अंकात ज्या कामांच्या बातम्या दिल्या होत्या, त्यांचे पुढे काय झाले? रक्तदान शिबिर ‘उत्साहात पार पडले’ आणि नेत्रतपासणीला ‘उदंड प्रतिसाद लाभला’ असे लिहिले की आपण मोकळे होतो, आणि वाचणारा सभासदही ते वाचून मोकळा होतो.

तू म्हणशील, बातमीपत्राकडून याहून अधिक कसली अपेक्षा? बहुतेक सेवा मंडळांत पदाधिकारी दरवर्षी बदलतात. ही पद्धत चांगली आहे, कारण तिच्यामुळे खुर्ची कोणा एकाची होत नाही. मात्र नवा अध्यक्ष आला की त्याला स्वतःच्या कारकिर्दीत काहीतरी नवे करून दाखवायचे असते, आणि मागच्या वर्षीचे अर्धवट राहिलेले काम बघता बघता कोणाचेच उरत नाही. अशा संस्थेची स्मरणशक्ती म्हणजे तिचे इतिवृत्त आणि तिचे बातमीपत्र, आणि ही दोन्ही आता तुझ्या हाती आली आहेत. माझ्या मते सचिवपद अध्यक्षपदापेक्षा जड आहे, ते याचमुळे. (हे वाक्य अध्यक्षांना दाखवण्याची गरज नाही.)

मोठ्या संस्थांकडे पाहिले तरी हेच दिसते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये वकील पॉल हॅरिस यांनी तीन परिचितांसह रोटरीची पहिली सभा घेतली. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, त्यावरून संस्थेचे नाव पडले. सुरुवातीला तो व्यावसायिकांचा स्नेहमेळावाच होता. समाजकार्य नंतर आले, आणि आरंभीच्या त्या कामांत शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी केलेल्या खटपटीचा समावेश होता. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या लायन्सच्या अधिवेशनात १९२५ साली हेलन केलर यांनी अंधत्वाविरुद्धच्या लढ्यात उतरण्याचे आवाहन केले, आणि दृष्टीविषयक काम ही त्या संस्थेची आजवरची ओळख ठरली. रोटरीने पोलिओ लसीकरणाचा प्रकल्प १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये हाती घेतला आणि १९८५ मध्ये तो जगभर नेण्याचा निर्धार जाहीर केला. १९८८ मध्ये जगात वर्षाला अंदाजे ३,५०,००० मुले पोलिओने बाधित होत असत. आज हा आजार जवळजवळ हद्दपार झाला आहे, पण पूर्ण संपलेला नाही, म्हणून कामही थांबलेले नाही. या काळात अध्यक्ष दरवर्षी बदलत गेले, काम मात्र तेच राहिले.

आपला आवाका एका वस्तीपुरता आहे, पण नियम तोच लागू पडतो. नेत्रतपासणीचेच घे. शिबिरात एखाद्या वृद्धाच्या हाती चिठ्ठी दिली जाते, ‘उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, शस्त्रक्रिया आवश्यक’. तो मान डोलावतो, चिठ्ठी खिशात घालतो आणि घरी जातो. सोबत यायला कोणी नसते, खर्चाची धास्ती असते, किंवा दुसऱ्या डोळ्याने अजून भागत असते. मग चिठ्ठी खिशातच विरते. आपल्या नोंदवहीत नाव, वय आणि निदान एवढेच रकाने आहेत. त्यांच्यापुढे आणखी तीन रकाने आख: शस्त्रक्रिया झाली का, त्यानंतरच्या तपासण्यांना रुग्ण गेला का, आणि सोबत कोणता सभासद जाणार. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालावे लागतात आणि नंतर चष्म्याचा नंबर काढावा लागतो, हेही घरच्यांना कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे. पुढच्या अंकात तपासलेल्या रुग्णांचा आकडा खुशाल दे, पण त्याच्या शेजारी शस्त्रक्रिया झालेल्यांचा आकडाही दे. तो लहान असेल. लहान असला तरी छाप, कारण तो पाहूनच पुढच्या वेळी सोबतीला जाणारे सभासद पुढे येतील.

रक्तदानाच्या बाबतीत तर आपला उत्साहच कधीकधी अडचणीचा ठरतो. रक्तातील बिंबाणू म्हणजे प्लेटलेट्स साधारण पाच दिवसच टिकतात. लाल पेशी शीतपेटीत योग्य द्रावणात ठेवल्या तरी ३५ ते ४२ दिवसांपलीकडे वापरता येत नाहीत. एकाच दिवशी विक्रमी संकलन केले, तर त्यातले काही वाया जाण्याचा धोका असतो, आणि पुढे दोन महिन्यांनी पेढी पुन्हा रिकामी होते. म्हणून तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला विचार की तुटवडा केव्हा पडतो, आणि एका मोठ्या शिबिराऐवजी वर्षभरात विखुरलेली लहान शिबिरे घे. पुरुषांनी दोन रक्तदानांत किमान तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे असे सांगितले जाते. त्यानुसार कोणाला केव्हा बोलवायचे याची यादी तयार ठेव. हिमोग्लोबिन कमी भरल्याने परत पाठवलेल्या लोकांची नावे किंवा कारणे मात्र बातमीपत्रात कधीही येऊ देऊ नकोस.

तीच गोष्ट मदत घेणाऱ्यांच्या छायाचित्रांची. वस्तू हातात देतानाचे छायाचित्र मला मुळीच आवडत नाही, आणि या बाबतीत माझे मत कोणी बदलू शकलेले नाही. देणाऱ्याला हौस असेल तर त्याचे एकट्याचे छायाचित्र घ्यावे.

वृक्षारोपणाविषयी फार लिहीत नाही. लावलेल्या रोपांऐवजी जगलेली रोपे मोज म्हणजे झाले. जमाखर्च मात्र प्रत्येक अंकात हवा: जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, आणि देणगी कोणत्या कामासाठी आली होती. वर्षअखेरीच्या सभेत एकदम हिशेब मांडला की प्रश्न संशयाच्या सुरात विचारले जातात, दरमहा मांडला की ते नुसते प्रश्न राहतात.

सभेचे इतिवृत्त त्याच रात्री लिहीत जा. ‘यावर चर्चा झाली’ हे वाक्य त्यात शक्यतो येऊ नये. काय ठरले, कोणी करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे पुरेसे आहे. पुढच्या सभेची सुरुवात नव्या विषयाने न करता याच नोंदींच्या वाचनाने होऊ दे. पहिले काही महिने लोक कुरकुर करतील, काही जण उशिरा येऊ लागतील, कारण आपले नाव वाचले जाणार हे त्यांना ठाऊक असेल. तू वाचन थांबवू नकोस.

तुझी मुदत संपेल तेव्हा पुढच्या सचिवाला शिक्के आणि लेटरहेड देशीलच. त्यांच्याबरोबर नेत्रतपासणीची ती नोंदवही, रक्तदात्यांची यादी आणि अपुऱ्या कामांचा एक कागद दे, आणि तो कागद त्याच्या पहिल्याच सभेत वाचला जाईल असे अध्यक्षांकडून आधीच कबूल करून घे. मसुद्यावर पेन्सिलीने केलेल्या खुणा वेगळ्या टपालाने पाठवत आहे.

तुझा हितचिंतक