काउंटर-स्ट्राइकची वही आणि फिजिक्सच्या कोऱ्या नोट्स

नागपूरच्या मानेवाड्याहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगा अकरावी सायन्सला आहे, पीसीएम घेतलं आहे. त्या लिहितात: ‘रात्री मित्रांसोबत काउंटर-स्ट्राइक २ हा बंदुकांचा ऑनलाइन गेम खेळतो, तेवढं आम्ही चालवून घेतलं. पण आता त्याने दोनशे पानी वही त्या गेमच्या इतिहासानेच भरली आहे. कोणती आवृत्ती कधी आली, कोणत्या तारखेला काय बदललं, सगळं. फिजिक्सच्या नोट्स कोऱ्या आहेत. म्हणतो, मी असाच गेम बनवणार. त्याचे बाबा म्हणतात, वही रद्दीत द्या, असल्या गेमवर सरकारने बंदीच घातली आहे. एका खासगी संस्थेने बारावीनंतरचा गेम डिझाइन डिप्लोमा सुचवला, फी साडेचार लाख. भरावी का?’

ताई, नमस्कार.

वही रद्दीत देऊ नका. साडेचार लाखही आत्ता भरू नका. आणि आधी बाबांची शंका: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. गेम बनवण्याच्या व्यवसायावर त्याची गदा नाही.

आता वहीबद्दल. त्यात नुसत्या तारखा असतील तर ती हौस आहे. पण प्रत्येक तारखेशेजारी त्याला आणखी दोन रकाने आखायला सांगा: ‘हे का करावं लागलं’ आणि ‘हे काम कुणाचं’. दुसऱ्या रकान्यात जे येईल ती त्याच्यासमोरची नोकऱ्यांची यादी. ऑनलाइन शूटर गेम एकदा बनवून बाजारात आणला आणि संपलं, असं होत नाही. तो वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहतो आणि या क्षेत्रातली बरीच माणसं त्या दुरुस्तीवरच पोट भरतात. हे मुलांना माहीत नसतं, कारण त्यांना दिसतो तो ट्रेलर.

सुरुवातीचीच नोंद घ्या. काउंटर-स्ट्राइकची पहिली बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती, जून १९९९ ची. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी व्हॉल्व्ह कंपनीच्या हाफ-लाइफ या गेमवर मोड म्हणून ती बनवली, म्हणजे तयार गेमचं इंजिन वापरून त्यावर आपला खेळ उभा केला. पण मिन्ह लेचं ते पहिलं काम नव्हतं. त्याआधी त्याने क्वेक या जुन्या शूटर गेमसाठी नेव्ही सील्स नावाचा मोड केला होता आणि अ‍ॅक्शन क्वेक २ वर काम केलं होतं. पहिल्या बीटात फक्त ओलीस सोडवायचे होते. आज ज्याच्याशिवाय हा खेळ डोळ्यांपुढे येत नाही, तो बॉम्ब नोव्हेंबर १९९९ मध्ये चौथ्या बीटात आला. व्हॉल्व्हने हा मोड विकत घेतला आणि तो दुकानात आला नोव्हेंबर २००० मध्ये. मधले सतरा महिने अर्धवट आवृत्ती लोकांपुढे ठेवायची, शिव्या ऐकायच्या, सुधारायची आणि पुन्हा ठेवायची, हेच चाललं होतं. तुमच्या मुलाने हा भाग लाल पेनाने अधोरेखित करावा.

त्याच काळातला डस्ट हा नकाशा डेव्ह जॉन्स्टन नावाच्या किशोरवयीन मुलाने केला. व्हॉल्व्हच्याच टीम फोर्ट्रेस २ या गेमची जाहीर झालेली चित्रं बघून त्याला ते वाळूच्या रंगाचं गाव सुचलं. गंमत म्हणजे खुद्द टीम फोर्ट्रेस २ आला ऑक्टोबर २००७ मध्ये, आणि तोही पूर्ण वेगळ्या रूपात. म्हणजे नकाशा रचणं, ज्याला लेव्हल डिझाइन म्हणतात, हे कोडिंगपासून वेगळं कसब आहे आणि ते घरी बसून शिकता येतं. काउंटर-स्ट्राइक २ ची वर्कशॉप टूल्स स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानात फुकट मिळतात, त्यात हॅमर हा नकाशा-संपादक आहे. आधी नुसते राखाडी ठोकळे मांडायचे. मग घड्याळ लावून मोजायचं की दोन्ही बाजूंचे खेळाडू पळत निघाले तर मोक्याच्या दारापाशी कोण किती सेकंदांत पोहोचतो. एक बाजू दोन-तीन सेकंद आधी पोहोचत असेल तर त्या दाराची लढाई सुरू होण्याआधीच संपली. नवखी मुलं रंग, झाडं, दिवे आधी लावतात आणि मग भिंत हलवायचा जीव होत नाही. त्यामुळे नकाशा देखणा होतो, पण खेळायला कुणी थांबत नाही.

वहीत काउंटर-स्ट्राइकच्याच पुढच्या कंडिशन झिरो या गेमचं पान असेल तर तेही नीट वाचायला सांगा. हा गेम रोग एंटरटेनमेंट, गिअरबॉक्स, रिच्युअल आणि टर्टल रॉक अशा चार स्टुडिओंच्या हातांतून गेला आणि मार्च २००४ मध्ये बाहेर पडला. रिच्युअलने केलेला भाग शेवटी ‘डिलीटेड सीन्स’ म्हणून सोबत जोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या इंजिनावरचा काउंटर-स्ट्राइक: सोर्स आला. कित्येकांची वर्षांची मेहनत बाजूला पडते, हे या धंद्यात घडतं, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं.

त्यानंतरच्या काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्हची कथा उलटी. हिडन पाथ हा स्टुडिओ जुना काउंटर-स्ट्राइक: सोर्स एक्सबॉक्सवर न्यायचं काम करत होता, त्यातून स्वतंत्र गेम निघाला. २१ ऑगस्ट २०१२ ला तो आला. वर्षभराने, ऑगस्ट २०१३ मध्ये आर्म्स डील या अपडेटने बंदुकांचे रंगीत स्किन आणले आणि गेमचं अर्थकारण पालटलं. डिसेंबर २०१८ मध्ये तो फुकट झाला. या तीन तारखांच्या मागे प्रोग्रामर जितके आहेत, तितकीच बाजार, किंमत आणि खेळाडूंची आकडेवारी बघणारी माणसं आहेत. मुलाचा चुलतभाऊ किंवा मित्र कॉमर्सला असेल तर त्यालाही हे पान दाखवा.

मग २७ सप्टेंबर २०२३ ला काउंटर-स्ट्राइक २ आला. त्यानंतर महिन्याच्या आतच एक प्रकार घडला, जो मला अभ्यासक्रमात लावण्याजोगा वाटतो. एएमडी कंपनीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये अँटी-लॅग प्लस नावाची सोय आली. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ ती कमी करायची, पण त्यासाठी ती गेमच्याच डीएलएल फायलींमधल्या (म्हणजे गेमचा कोड असलेल्या फायलींमधल्या) फंक्शनचा रस्ता मधूनच वळवायची. फसवणूक करणारे प्रोग्रामही नेमकं हेच करतात. त्यामुळे गेमच्या पहारेकरी यंत्रणेने प्रामाणिक खेळाडूंवरही बंदी घातली. एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला आणि अडकलेल्यांची बंदी उठवण्याचं काम व्हॉल्व्हकडे आलं. चाचणी करणारा, सुरक्षा बघणारा, खेळाडूंच्या तक्रारींतून समान धागा शोधणारा, अशी तीन-चार पदं या एकाच प्रकरणात दिसतात.

आता फिजिक्सच्या कोऱ्या नोट्स. इथे मला मुलाशीच थेट बोलायचं आहे, म्हणून ताई, पुढचे दोन परिच्छेद त्याला वाचायला द्या.

बाळा, तू काउंटर-स्ट्राइकमध्ये हातात चाकू घेऊन पळतोस तेव्हा तुझा वेग सेकंदाला २५० युनिट असतो. तुझ्या शरीराची रुंदी गेमच्या हिशेबाने ३२ युनिट. समोरच्याच्या इंटरनेटला १०० मिलिसेकंद उशीर असेल तर तेवढ्या वेळात तू २५ युनिट पुढे सरकलेला असतोस. म्हणजे त्याला पडद्यावर तू जिथे दिसतोस तिथून तू जवळजवळ अख्खा बाजूला झालेला असतोस. तरी त्याची गोळी तुला लागते. कशी? सर्व्हर सगळ्यांच्या मागच्या जागा लक्षात ठेवतो आणि गोळी आली की घड्याळ तेवढं मागे फिरवून तपासतो. ‘भिंतीआड गेलो तरी मेलो’ असं तू ओरडतोस ना, त्याचं कारण हेच. ही चूक नाही, नेम धरणाऱ्याला न्याय द्यायचा तर पळणाऱ्याला एवढी किंमत मोजावी लागते. सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा हिशेब करत असेल तर दोन हिशेबांमध्ये १५.६ मिलिसेकंदांची फट राहते. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये त्या फटीत नेमकं कधी बटण दाबलंस तेही नोंदवलं जातं, त्यालाच सब-टिक म्हणतात. वेग, वेळ, विस्थापन हे तुझ्या फिजिक्सच्या तिसऱ्या प्रकरणात, ‘मोशन इन अ प्लेन’मध्ये आहे. शत्रू तुझ्या नजरेच्या टप्प्यात आहे की पाठीमागे, हे गेम ज्या स्केलर प्रॉडक्टने ठरवतो, ते दुसऱ्या प्रकरणात आहे. तुझ्या कोऱ्या नोट्स नेमक्या याच पानांच्या आहेत का, ते बघ.

तुझा स्वतःचा गेम एवढाच कर: एक खोली, दोन खेळाडू, एक बंदूक. गोडो इंजिन घे, फुकट आहे आणि साध्या मशीनवर चालतं. खेळाडू म्हणजे नुसती कॅप्सूल चालेल, मॉडेल बनवत बसू नकोस. पहिला नियम: खेळाडूच्या मशीनने सर्व्हरला ‘मी इथे आहे’ असं सांगायचं नाही, ‘मी हे बटण दाबलं’ एवढंच सांगायचं. जागा सर्व्हर ठरवेल. हे उलट केलंस तर कुणीही ‘मी तुझ्या पाठीमागे उभा आहे’ असं खोटं सांगून जिंकेल. घरातल्या एकाच वायफायवर सगळं लोण्यासारखं चालेल, त्यावर भुलू नकोस. विंडोजवर क्लम्सी नावाच्या छोट्या प्रोग्रामने मुद्दाम १०० मिलिसेकंद उशीर आणि ५ टक्के पॅकेट गळती (म्हणजे पाठवलेली माहिती वाटेत हरवणं) लाव. मग तुझा खेळाडू रबर ताणल्यासारखा मागे-पुढे उडेल. खरं काम तिथून सुरू होतं. आपल्या मशीनने आधी अंदाजाने हलायचं, सर्व्हरचं उत्तर आलं की ताळा करायचा आणि चुकलं असेल तर त्यानंतरची बटणं पुन्हा लावायची. गेल्या एका सेकंदाच्या ६४ जागा साठवून गोळी मागे जाऊन तपासायची. प्रत्येक टप्प्याला ०.१, ०.२ असा क्रमांक दे, गिट या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्राममध्ये टॅग कर आणि काय मोडलं होतं ते दोन ओळींत लिही. दहा मित्रांना खेळायला दे. ते सांगतील त्यावर वाद न घालता लिहून घे.

ताई, हे काम रविवारी दोन तास धरलं तर चार-पाच महिने सहज पुरेल. यासाठी लगेच महागडा गेमिंग लॅपटॉप नको. आहे त्याच संगणकावर १६ जीबी रॅम करता आली तर करा. अनरिअलसारखं मोठं इंजिन मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड मागतं, ते बारावीनंतर बघू. आणि आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेवा. ४५ अंशांत गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि मुलगा दिवसभर कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसतो. गेमचा वेग सकाळी मोजावा, लॅपटॉप कठीण टेबलावर ठेवावा आणि कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवू नये.

प्रवेशाचं म्हणाल तर, नागपूरची व्हीएनआयटी आणि बुटीबोरीकडची ट्रिपल आयटी, दोन्हींसाठी जेईई मेन लागते. खुल्या गटाला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं ही अटही आहे. बाकीची इंजिनिअरिंग कॉलेजं एमएचटी-सीईटी आणि कॅप फेरीतून. सीईटीच्या २०० गुणांपैकी १०० गणिताचे आहेत आणि साधारण वीस टक्के भाग अकरावीचा असतो, म्हणजे या वर्षाचं नुकसान पुढच्या वर्षी भरून निघेल असं धरू नका. बीसीएलाही आता राज्यात सीईटी आहे. मुलाचा हात चित्राकडे असेल तर आयआयटी मुंबई घेते ती डिझाइन पदवीसाठीची यूसीड परीक्षा बघा, ती कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. गेम डिझाइन हाच विषय पुढे करायचा असेल तर एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बंगळूरला आहे. मला विचाराल तर या मुलासाठी आधी कॉम्प्युटरची पदवी. नेटवर्क आणि सर्व्हर शिकलेल्या मुलाला गेममध्ये नाही जमलं तर बँकेचं, रेल्वे आरक्षणाचं, कुठलंही काम येतं.

ही पळवाट ठेवायला मी उगाच सांगत नाही. सोनीचा कॉनकॉर्ड हा शूटर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. लोकांना पैसे परत दिले आणि तो बनवणारा स्टुडिओही त्याच वर्षी बंद करण्यात आला. दुसरीकडे, पुण्याच्या सुपरगेमिंगने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंडस हा बॅटल रॉयाल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो, असा गेम) बाजारात आणला, म्हणजे हे काम आपल्या राज्यातही होतं. युबिसॉफ्टचा स्टुडिओही पुण्यात आहे. नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद धरून चाला.

डिप्लोमावाल्या संस्थेत जाणारच असाल तर मुलाला सोबत न्या आणि तीन गोष्टी मागा: मागच्या तुकडीच्या मुलांनी केलेले, आत्ता डाउनलोड करून खेळता येतील असे गेम, शिकवणाऱ्यांची नावं बाजारात आलेल्या कोणत्या गेमच्या श्रेयनामावलीत आहेत ते, आणि मधेच सोडल्यास फी किती परत मिळेल, हे लेखी. पहिल्याच मागणीला ब्रोशर पुढे आलं तर तिथून उठा.

रात्रीच्या खेळाबद्दल पत्रात तुम्ही फार लिहिलं नाही, तरी सांगतो. एकदम बंद करू नका, वेळ ठरवा, आणि आठवड्यातला एक सामना त्याने स्वतः न खेळता रेकॉर्डिंग बघण्यासाठी ठेवावा. हातात कागद, प्रत्येक वेळी मरताना गोळी कुठून आली आणि तो कुठे उभा होता याची खूण नकाशावर. वीस खुणा झाल्या की त्याला दिसेल की त्या एकाच दोन दारांपाशी गोळा झाल्या आहेत. तो कागद त्या वहीत चिकटवू द्या आणि नोव्हेंबरमध्ये ०.३ आवृत्ती झाली की वही, गिटचा दुवा आणि अकरावीच्या सहामाहीचे गुण, तिन्ही मला पाठवा.