सही त्यांची, खुर्ची माझी

प्रश्न : बाई, सात महिन्यांपूर्वी माझे यजमान अचानक गेले. ते नगराध्यक्ष होते. पोटनिवडणुकीत सगळ्यांनी मलाच उभं केलं आणि निवडूनही दिलं. ‘साहेबांची पुण्याई’ हे शब्द रोज कानावर पडतात. गेल्या महिन्यात पाण्याच्या उंच टाकीची जुनी फाइल हाती आली. टाकीला तडे गेलेत, खालून पाणी झिरपतं आणि लागूनच शाळेचं मैदान आहे. काँक्रीटच्या चाचणीचा अहवाल फायलीत नाहीच. तरीही शेवटचं बिल मंजूर करणाऱ्या टिपणीखाली सही आहे, ती यांची. यांनी पैसे खाल्ले नसणार, याची मला खात्री आहे. त्यात पुढच्या सभेत टाकीच्या आवाराला यांचंच नाव देण्याचा ठराव आहे. सासूबाई म्हणतात, गेलेल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारी तू कोण? पक्षातले म्हणतात, ‘वहिनी, सध्या तुम्ही काहीही मांडलंत तरी कुणी विरोध करणार नाही, पण हे तेवढं मांडू नका.’

आणखी एक. आमची सभा प्रार्थनेनं सुरू होते आणि ती अध्यक्षांनी सांगायची पद्धत आहे. पूर्वी माझी देवावर श्रद्धा होती. आता ओळी तोंडातून बाहेर पडतात, आत काही हलत नाही. मी ढोंगी आहे का?

उत्तर : ताई, आधी ते मैदान. हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत थांबणं बरं नव्हतं, म्हणून एवढा भाग तुम्हाला पत्रानं आधीच कळवला. इतर वाचकांसाठी इथे पुन्हा लिहिते. चौकशी कधी, कुणाची, कशी, हे सगळं नंतर. टाकीतली पातळी आजच कमी करायला सांगा. मैदानाची ती बाजू बंद करा. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी बाहेरचा अभियंता बोलवा, ज्यानं ते काम पाहिलेलं नाही असा. ही पत्रं तुमच्या सहीनं, जावक क्रमांक घालून जाऊ द्यात. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. यासाठी धैर्यबिर्य लागत नाही, पत्राचा कागद लागतो.

आता तुमच्याविषयी. ‘पैसे खाल्ले नसणार, माझी खात्री आहे’ असं तुम्ही लिहिलंत. रागावू नका, पण हे वाक्य सभेत उच्चारू नका. खात्री तुमची आहे, पुरावा नाही. तुम्ही त्यांच्या निर्दोषपणाची हमी घेतलीत, की चौकशी करणाऱ्याला दोनच वाटा उरतात. तुम्हाला खोटं पाडायचं, नाहीतर फाइल मिटवायची. माणसं पैसे न खाताही सह्या करतात. घाईत करतात, भिडेखातर करतात, समोर दहा माणसं ताटकळत उभी असतात म्हणून करतात. मी स्वतः केली आहे.

तेव्हा मी एका शिक्षणसंस्थेची अध्यक्ष होते. मुलगा जाऊन सव्वीस दिवस झाले होते. कार्यकारिणीची सभा होती. विषय क्रमांक एक, दुखवट्याचा ठराव. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, पंख्याचा तेवढा आवाज. विषय क्रमांक चार, लेखापालाला निलंबित करण्याचा. त्यानं बांधकामाच्या गहाळ पावत्या मागितल्या होत्या, एवढाच त्याचा गुन्हा. त्याचं म्हणणं खरं आहे हे मला ठाऊक होतं. आदल्या महिन्यात तो माझ्याकडे वही घेऊन आला होता, एकेक आकडा त्यानं बोट ठेवून दाखवला होता. सचिवांनी इतिवृत्ताची वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, ‘बाई, इथं.’ मी सही केली. ‘सर्वानुमते मंजूर.’

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की त्या दिवशी मी शुद्धीवरच नव्हते. मग एकदा काही कामासाठी ती वही पुन्हा उघडली. एकाच पानावर वर माझ्या मुलाचं नाव, खाली त्या लेखापालाचं, आणि तळाशी माझी सही. ती जराही थरथरलेली नाही. वळणदार, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करावी तशी. दुःखानं माझा हात धरला नव्हता. भांडण नको होतं, आणि दुःख ही फार सोयीची सबब होती, तिच्यापुढे कुणी बोलत नाही.

पुढच्या वार्षिक सभेत मी उभी राहून ही चूक सांगितली. निलंबन रद्द झालं. तोवर त्याला दुसरीकडे नोकरी लागली होती. तो परत आला नाही. माझ्या पत्राला त्यानं उत्तर दिलं नाही, आणि द्यायलाच हवं होतं असं मला वाटत नाही.

म्हणून पक्षातल्यांचं ते वाक्य मला तुमच्याहून जास्त टोचलं. सध्या कुणी विरोध करणार नाही म्हणे. तुमच्या घरचं मरण त्यांना खर्चायला मिळालेली रक्कम वाटते आहे. कशावर खर्च करायची तेही तेच ठरवणार.

दुःखानं माणूस मोठा होतो, असं भाषणांत नेहमी ऐकू येतं. मला ते पटत नाही. अमेरिकेच्या इतिहासात दोन राष्ट्राध्यक्ष जवळजवळ शेजारी उभे आहेत. फ्रँकलिन पियर्स निवडून आले आणि शपथविधीला दोनच महिने राहिले असताना, ६ जानेवारी १८५३ रोजी, त्यांचा डबा रुळांवरून घसरला. अकरा वर्षांचा बेनी आईवडिलांच्या डोळ्यांदेखत गेला. त्याआधीची दोन मुलंही गेलेली, हा शेवटचा. आईनं त्याचा अर्थ असा लावला की नवऱ्याचं लक्ष राज्यकारभारात विचलित होऊ नये म्हणून देवानं मूल नेलं. (हा अर्थ उराशी धरून ती माउली त्या घरात कशी राहिली असेल, कोण जाणे.) पियर्स यांनी पद स्वीकारताना देवाची शपथ घेतली नाही, नुसती प्रतिज्ञा केली. भाषणाच्या सुरुवातीलाच आपल्या दुःखाचा उल्लेख केला. इथवर माणूस प्रामाणिक वाटतो. पण पुढच्याच वर्षी, ३० मे १८५४ रोजी, त्यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही केली आणि १८२० पासून ज्या प्रदेशात गुलामगिरीला मज्जाव होता तिथे तिला दार उघडून दिलं. पक्षातल्या वजनदार मंडळींचा आग्रह होता, तो त्यांना मोडवला नाही.

आणि लिंकन. त्यांचा विलीही अकरा वर्षांचाच. २० फेब्रुवारी १८६२ रोजी तापानं गेला, बाहेर यादवी युद्ध पेटलेलं असताना. त्याच वर्षी २२ जुलैला लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचला. म्हणजे अकरा वर्षांचा मुलगा दोघांनीही गमावला, सही करायची वेळ दोघांवरही आली, आणि सह्यांमध्ये जमीनअस्मानाचं अंतर. ते अंतर दुःखातून आलेलं नाही. सात महिन्यांत तुम्ही खंबीर झालात की खचलात, हे विचारणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. फाइल तुमच्या टेबलावर आहे, प्रश्न तेवढाच आहे.

सभेत काय करायचं? त्या विषयापुरती खुर्ची सोडा, उपाध्यक्षांना बसू द्या. मत देऊ नका. आवाराला नाव देण्याचा ठराव मागे घ्यायला लावा, निदान तहकूब करा. गळक्या टाकीखाली त्यांच्या नावाची पाटी लागण्यात त्यांचा कसला सन्मान? फायलीच्या साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवा, कारण फायलींना पाय फुटतात. आणि उभं राहून एवढंच बोला : ‘या टिपणीवरची सही माझ्या पतीची आहे. चाचणीचा अहवाल फायलीत नाही. टाकीशेजारी मुलं खेळतात. कामाची पूर्ण चौकशी व्हावी, जे निघेल ते सभागृहापुढे यावं. मी त्यांची पत्नी असल्यानं या विषयात अध्यक्षस्थानी बसत नाही.’ त्यांच्या गुणांचं वर्णन नको, डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पण त्यासाठी जागा ठेवू नका.

हे कागदावर लिहून घ्या, आणि सभेच्या आदल्या रात्री सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांना हे पहिल्यांदा बाहेरच्या कुणाकडून कळता कामा नये. त्या बोलतील, लागेल असं बोलतील. ऐकून घ्या. त्यांचा मुलगा गेलाय, त्यांच्याकडे आता त्याचं नाव तेवढं उरलंय. त्यांना पटवणं तुमच्या हाती नाही. आधी सांगणं आहे.

आता प्रार्थना. ढोंगी तुम्ही नाही आहात. ढोंगी माणसाला आत काही हलत नाही हे जाणवतच नाही. पण जे म्हणवत नाही ते म्हणू नका. ‘आज प्रार्थना दुसऱ्या कुणी सांगावी’ म्हणा आणि शांत उभ्या राहा. कारण देऊ नका. नेत्यानं आपल्या श्रद्धेचा हिशेब दर सभेला द्यावा, असा काही नियम नाही.

श्रद्धेचा निकालही घाईनं लावू नका, इकडचाही नको आणि तिकडचाही नको. डॉ. आंबेडकरांनी चार मुलं गमावली. १९ जुलै १९२६ रोजी राजरत्न गेला, तेव्हा एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या आयुष्यातलं मीठच गेल्याचं म्हटलं, आणि त्यासाठी आधार घेतला तो बायबलमधल्या मिठाच्या वचनाचा. आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. पण मग कोणता धर्म, याचं उत्तर त्यांनी कृतीनं दिलं ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. एकवीस वर्षं ते वाचत राहिले, तपासत राहिले, आणि त्या काळात त्यांची कामं थांबली नाहीत. तुम्हाला तर सातच महिने झालेत. देव आहे की नाही हे या सभेपर्यंत ठरायला नको. टाकीचं मात्र ठरायला हवं.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची पत्नी दीड महिन्यापूर्वी वारली. माणूस भला आहे, पण सध्या ते एका सदस्याच्या सांगण्यावरून चुकीचा निर्णय घेताहेत, असं आम्हा चौघांना वाटतं. आत्ता विरोध करणं क्रूरपणाचं होईल का? थोडं थांबावं का?

उत्तर : थांबू नका. दोनदा जा. एकदा नुसतं भेटायला, तेव्हा कामाचा शब्द काढू नका, ते काढू लागले तरी टाळा. दुसऱ्या वेळी कामासाठी, वेळ ठरवून, कागद घेऊन, चौघांऐवजी दोघं. दोन्ही भेटी एकाच दिवशी उरकू नका, ते लगेच कळतं. मग सभेत जे बोलायचं ते बोला, त्यांना आधी सांगितलेलंच.

वर ज्या सभेचं लिहिलं, तीत एक सदस्य विषय क्रमांक चारला विरोध करणार होते. टिपण काढून आणलं होतं, अर्धे उठलेही होते. माझ्याकडे पाहिलं आणि बसले. हे त्यांनी मला नऊ वर्षांनी सांगितलं, एका लग्नात, हातात ताट घेऊन. ‘तुमच्याकडे बघून धीर झाला नाही,’ म्हणाले. मी काय बोलणार? जेवून घ्या म्हटलं.